आत वळलेल्या पापण्या

आमच्या वन्संच्या पापण्यांचे केस आत वळतात. बाहेर यायचे ते बुबुळाकडे तोंड करून उगवतात आणि डोळा मिटला-उघडला की घासतात. आपल्या डोळ्यात एक कुसळ गेलं तर आपण घर डोक्यावर घेतो. वन्संच्या डोळ्यातलं कुसळ पंधरा-सोळा वर्षं तिथेच आहे. दर दोन-तीन आठवड्यांनी कुणीतरी चिमटा घेऊन ते केस उपटायचे. मग चार दिवस बरे जातात, मग पुन्हा खुंट टोचायला लागतात. गेल्या वर्षापर्यंत हे काम त्यांची सून करायची. मन लावून करायची, पण तिचा हात कापायचा, आणि थोड्या वेळाने वन्संच म्हणायच्या, "राहू दे गं, उरलेले उद्या." उद्या म्हटलं की तिलाही सुटल्यासारखं व्हायचं आणि त्यांनाही.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, सिऊलुआन. बंदरामागच्या गल्लीत राहतात आणि कालवं फोडायला जातात. शिंपल्यांच्या दोन ढिगांमधे बुटक्या स्टुलावर बसायचं, सांध्यात आखूड सुरीचं टोक घालायचं, मनगट वळवायचं, मांस बादलीत, शिंपला ढिगावर. बारा वर्षांच्या होत्या तेव्हापासून हेच. एकेकाळी त्या गल्लीतला सगळ्यांत चपळ हात आणि सगळ्यांत चुरचुरीत तोंड त्यांचं होतं. आता त्या शेडच्या टोकाला, वाऱ्याकडे पाठ करून बसतात, कारण समुद्रावरचा वारा त्यांच्या डोळ्यांना सोसत नाही. काळा चष्मा, मानेपर्यंत पदर असलेली कापडी टोपी, मनगटापर्यंत बाह्या. नवीन आलेल्या पोरी आपसात विचारतात, "ती कोपऱ्यातली नटी कोण गं?" वन्संचे कान शाबूत आहेत. त्या मान वर न करता म्हणतात, "सही हवी असेल तर बादली भरल्यावर ये."

पण असं बोलणंही आता कधीतरीच. दुखणाईत माणूस बोलायला लागलं की दुखण्यावरच येतं आणि ऐकणाऱ्याच्या तोंडावर कंटाळा दिसतो. तो दिसण्याआधी आपणच गप्प बसावं, हे बरं, असं त्यांचं म्हणणं.

हे सगळं एका उपकारातून आलं. त्यांच्या पायाचा अंगठा सुजला होता, चप्पल घालवेना. शेजारणीचा नवरा याच दुखण्यावर पांढऱ्या गोळ्या घ्यायचा. शेजारणीने त्यातल्या निम्म्या कागदात बांधून आणून दिल्या. आमच्याकडे चांगलं औषध चांगल्या मासळीसारखं वाटतात. स्वतःला गुण आला आणि शेजारी लंगडत असला, तरी गोळी दाबून ठेवली, तर अशा माणसाला कोत्या मनाचा म्हणतात. वन्संनी गोळ्या घेतल्या. अंगठा उतरला. त्यांनी शेजारणीकडे निवडक मोठी कालवं पाठवली. हिशेब गोड झाला.

काही आठवड्यांनी त्यांना ताप आला आणि छातीवर लाल ठिपके उठले. तेव्हा गोळीचा विचार कुणाच्या डोक्यात येणार? ती केव्हाचीच चालू होती. नवं काही पोटात गेलं नव्हतं. सासूबाई तेव्हा होत्या. त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "नागीण आहे. तोंड-शेपूट जुळायच्या आत कापून घे." देवळामागे एक म्हातारा नागीण कापायचा, म्हणजे ब्रश शाईत बुडवून अंगावर मंत्र लिहायचा आणि भाताच्या काडीने हवेत वार करायचा. वन्सं काळ्या अक्षरांनी अंग रंगवून घरी आल्या. गल्लीतल्या बायकांचं निदान वेगळं होतं. अंगातलं विष बाहेर पडतंय, म्हणजे औषध लागू पडतंय, आता सोडशील तर अर्धवट राहील. वन्संनी दोन्ही ऐकलं. नागीणही कापून घेतली आणि गोळीही सोडली नाही.

तेवढ्यात थंडीतलं आमचं चांद्र नवं वर्ष आलं. प्रतिपदेला आमच्याकडे कुणी औषध घेत नाही. घेतलं तर ते वर्षभर पाठ सोडत नाही. सासूबाई तर औषधाच्या बाटल्या कपाटात घालून कपाटाकडे पाठ करून बसायच्या. पंचमीला सण उठतो, दुकानं उघडतात, तोवर जमेल तेवढं निभवायचं. वन्संनी गोळी बंद ठेवली. ताप उतरला, ठिपके फिके पडले. सगळे म्हणाले, म्हाताऱ्याने नागीण बरोबर कापली हो. पंचमीला वन्संनी देवाला उदबत्ती दाखवली आणि गोळी पुन्हा सुरू केली.

मग जे झालं त्याला वेळ लागला नाही. भात गिळवेना. ओठ फुटले, तोंडाची आतून सालं निघाली, डोळे चिकटले आणि अंगावरची कातडी उकडलेल्या टोमॅटोसारखी हाताला लागून येऊ लागली. शहरातल्या मोठ्या इस्पितळात त्यांना भाजलेल्या माणसांच्या वॉर्डात ठेवलं. ना आग, ना उकळतं पाणी, आणि वन्सं भाजलेल्या. मी डबा घेऊन जायची तेव्हा काचेतून फक्त पांढरं कापड दिसायचं.

वाचल्या. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की औषध वाईट नाही, हजारो माणसं घेतात आणि त्यांचं भलं होतं. पण काहींच्या रक्ताला ते चालत नाही, आणि तसं रक्त आपल्याकडे पुष्कळ घरांत असतं. भावंडांनाही सांगून ठेवा. औषधाचं नाव लिहिलेलं एक कार्ड त्यांनी दिलं. वन्संनी ते घडी घालून गळ्यातल्या लाल पिशवीत, देवळातल्या अंगाऱ्याबरोबर ठेवलं. "देव आणि डॉक्टर एका पिशवीत," त्या म्हणाल्या. "आता एकमेकांत ठरवू देत." भावाला त्यांनी घरी आल्याआल्याच सांगितलं. भाऊ म्हणजे आमचे हे. हे म्हणाले, "बरं." आणि विसरले.

कातडी नवी आली, डाग धरून आली. नखं चढउतारांची आली. डोळे मात्र तसे आलेच नाहीत. पापण्या आतून आक्रसल्या आणि अश्रू आटले. अश्रू नसणं म्हणजे काय, हे मला सासूबाई गेल्या तेव्हा कळलं. लग्न झालेल्या लेकीने गल्लीच्या तोंडापासून गुडघ्यांवर रांगत, आईला हाका मारत घरात शिरायचं, अशी रीत. वन्सं रांगत आल्या. आवाज तर असा फुटला होता की शेजारची कुत्री गप्प झाली. पण चष्मा काढून ठेवलेला, आणि डोळे कोरडे ठणठणीत. माझ्या मागे दोघी कुजबुजल्या, "आई मेली तरी डोळ्याला टिपूस नाही. वाटणीत काही मिळालं नसेल." वन्सं माझ्यापेक्षा त्या दोघींच्या जवळ होत्या, म्हणजे त्यांनीही ऐकलं. संध्याकाळी मी त्यांच्या डोळ्यांत औषध घातलं तेव्हा थेंब कोपऱ्यातून गालावर ओघळला. वन्संनी तो पुसला नाही. म्हणाल्या, "हे आधी घालायला हवं होतं."

"लोकांसाठी?" मी विचारलं.

"लोक गेले खड्ड्यात. आईसाठी."

त्यानंतर बरीच वर्षं त्यांना एक खोड होती. कुणाच्या अंगावर पुरळ दिसलं, कुणी खाजवताना दिसलं, की त्या सुरी थांबवून विचारायच्या, "काय घेतोस? कुठली गोळी?" बहुतेकदा घामोळं निघायचं, नाहीतर डास. गल्लीत त्यांना पोलीस म्हणायला लागले. एकदा एका होडीवाल्याला त्यांनी हटकलं तर तो म्हणाला, "बीअर घेतो, मावशी. पाजताय?" सगळी शेड हसली. वन्संही हसल्या. मग हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाल्या, "थकले गं. सतरा वेळा खोटं निघालं. अठराव्याला खरं असेल आणि मी नेमकी गप्प बसलेली असेन, एवढीच भीती आहे. पण तोंडच उघडवत नाही."

आता आमच्या यांच्याकडे येते. हे, ह्वेओंग, मेजवान्यांचे आचारी. लग्न असो, देवळाचा उत्सव असो, रस्त्यावर मांडव घालून पन्नास टेबलं जेवू घालायची, हा यांचा धंदा. वर्षाचा शेवटचा महिना म्हणजे यांचा हंगाम, कारण प्रत्येक कारखाना, प्रत्येक दुकान आपल्या माणसांना वर्षअखेरीचं जेवण देतं. गेल्या वर्षी नेमक्या त्या महिन्याच्या तोंडाला यांचा पायाचा अंगठा सुजला. बहिणीचा सुजला होता तसाच. सकाळी भिंत धरून न्हाणीत जायचे आणि दुपारी भट्टीसमोर उभे राहायचे. मी म्हटलं, डॉक्टरकडे चला. हे म्हणाले, "डॉक्टर सांगणार, झोपून राहा. पन्नास टेबलं काय डॉक्टर वाढणार?" मग एक दिवस सूज उतरली. मला वाटलं, आपोआप उतरली.

ती आपोआप उतरलेली नव्हती. यांचा एक मित्र आहे, थियामहू. मांडव, टेबलं, खुर्च्या पुरवणारा. पोटातलं ओठावर आणि खिशातलं दुसऱ्याच्या हातावर, असा उदार माणूस. त्याला हाच आजार, तो दहा वर्षं गोळी घेतोय आणि आमच्या सगळ्यांहून टणक आहे. त्याने यांचं लंगडणं पाहिलं आणि आपली बाटली यांच्या खिशात सारली. "सूज गेली तरी सोडू नकोस. रोज एक. मग ती परत यायचं नाव घेणार नाही." हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त नवऱ्याचं तोंड दिसत होतं.

"अहो, डोळे किती लाल झालेत."

"धूर आहे. आचाऱ्याचे डोळे लाल नसतील तर त्याने काम केलं नाही समज."

"पाठीवर हे काय उठलंय?"

"घामोळं."

"थंडीत?"

"चार भट्ट्यांच्या मधे उभी राहा, मग सांग थंडी कुठे असते."

"आणि जेवत का नाही?"

"सूप चाखताना तोंड पोळलं. अगं, बायको आहेस की सरकारी वकील?"

प्रत्येक प्रश्नाला यांच्या धंद्यातून उत्तर निघत होतं आणि प्रत्येक उत्तर पटण्यासारखं होतं. वर्षाच्या शेवटच्या दिवशी अंग कढत लागलं तेव्हा मी हट्टच धरला. हे म्हणाले, "महिन्याचा शीण आहे. पंचमी होऊ दे, मग कुठे न्यायचं तिथे ने." सणात दवाखान्याची पायरी चढायची नाही, हे यांच्या आईने यांच्या हाडात भरलेलं. प्रतिपदेला ताप कमी वाटला. हे खुशीत होते.

द्वितीयेला आमच्याकडे माहेरवाशिणी माहेरी येतात. सासूबाई गेल्यावर वन्संचं माहेर म्हणजे आम्हीच, म्हणून मी माझ्या माहेरी तृतीयेला जाते. त्यांची सून सकाळीच तिच्या आईकडे गेली होती. वन्सं दोन संत्री आणि कालवांची पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या. हे पुढे झाले, "ये ताई, ये. पोटभर जेव, बारीक झालीस."

वन्संनी चष्मा कपाळावर सरकवला. घरात त्या तो काढतात, पण दारातच कधी काढत नाहीत. त्यांनी यांच्या डोळ्यांकडे पाहिलं, मग ओठांकडे. ओठांच्या कडेला काळसर पापुद्रा होता. त्यावर यांनी तेल लावलं होतं.

"काय घेतोस?" त्यांनी विचारलं.

"आली पोलीस," हे हसले. हसताना ओठ चरचरले असावेत, कारण तोंडावर हात गेला. "काही घेत नाही. सणासुदीला औषधाचं नाव काढू नकोस, आई वरून बघतेय."

वन्संनी हातातली संत्री माझ्याकडे दिली. चपला काढल्या, आत आल्या. मला वाटलं, त्या आता तो प्रश्न पुन्हा विचारतील. नाही विचारला. जेवायला बसलो. यांनी रांधलेली अख्खी मासळी, डुकराचे पाय, बांबूचे कोंब. हे स्वतः नुसती पेज पीत होते. सणात पेज म्हणजे दारिद्र्याला आवतण, हे मला सांगणारे हेच. वन्सं ते सगळं बघत होत्या. त्यांचा चेहरा मला इतका दमलेला कधी दिसला नव्हता. सतरा वेळा थट्टा करून घेतलेलं माणूस अठराव्या वेळी कुठून बळ आणत असेल!

जेवणं झाल्यावर त्या खिडकीपाशी उजेडात बसल्या आणि म्हणाल्या, "डोळा फार टोचतोय. सून नाही घरी."

मी म्हटलं, "मी काढते, वन्सं. थांबा, हात धुते."

"तू नको. ह्याला बोलव."

"मला?" हे स्वयंपाकघरातून ओरडले. "मी काय न्हावी आहे?"

"डुकराच्या पायाचे केस उपटतोस की नाही? त्या पायाला म्हणे एक खुंट राहत नाही. पन्नास टेबलांत फुशारकी मारतोस. ये इकडे, चिमटा घेऊन."

हे आले. चिमटा तांदळाच्या दारूत बुडवून पुसला. वाद घालायची ताकद नव्हती, आणि थोरल्या बहिणीला माहेरपणाच्या दिवशी नाही कसं म्हणायचं? वन्संनी मान मागे टेकली. "डावा. पापणी वर उलटून धर. घाबरू नकोस, मला सवय आहे."

यांनी पापणी उलटली.

इतक्या वर्षांत यांनी तो डोळा आतून पाहिलाच नव्हता. बहीण चष्मा लावते, बहिणीचे डोळे अधू आहेत, एवढंच यांना माहीत. पापणीची आतली बाजू गुळगुळीत गुलाबी असायची, तिथे पांढरे वळ होते. एका कोपऱ्यात पापणी डोळ्याला चिकटून गेली होती. आणि तिथून काळे, ताठ केस सरळ बुबुळावर रोखलेले. यांनी श्वास धरला. पहिला केस उपटला. वन्सं हलल्या नाहीत. दुसरा उपटला. यांचा हात खरंच स्थिर असतो.

"हे सगळं त्या गोळीने?" हे हळूच म्हणाले.

"त्या गोळीने नाही," वन्सं म्हणाल्या. "गोळीने ठिपके उठले होते. तेवढ्यावर भागलं असतं. प्रतिपदेला गोळी घेतली नाही, बरं वाटलं. द्वितीयेला याहून बरं वाटलं. मी इथेच, याच खोलीत बसून जेवले होते. आई म्हणाली, बघ, उतरलेलं तोंड टवटवीत झालं. आणि पंचमीला मी पुन्हा घेतली. हे सगळं पंचमीचं आहे."

चिमटा हवेत थांबला. खाली दुकानाच्या दारात कुणी फटाक्यांची माळ लावली, ती संपेपर्यंत हे तसेच उभे होते.

"ताई, तुला कुणी सांगितलं?"

"काय?"

"मी पंचमीला पुन्हा सुरू करणार म्हणून."

मी भांडी खाली ठेवली. वन्संनी डोळे मिटून घेतले. "कुणी नाही सांगितलं," त्या म्हणाल्या. "आण इकडे."

हे स्वयंपाकघरात गेले आणि चक्रीफुलांचा डबा घेऊन आले. त्या डब्यात माझा हात रोज जातो, असं मला वाटायचं. पण माझा डबा वेगळा, यांच्या धंद्याचा वेगळा. चक्रीफुलांच्या खालून छोटी बाटली निघाली. वन्संनी गळ्यातली लाल पिशवी सोडली आणि माझ्या हातात दिली, कारण बारीक अक्षर त्यांना दिसत नाही. अंगारा सांडू नये म्हणून मी कार्ड हळू ओढून काढलं. बाटलीवरचं नाव वाचलं, कार्डावरचं वाचलं. वाचायची गरज नव्हती.

"थियामहू दहा वर्षं घेतोय," हे म्हणाले. आवाजात तक्रार होती, लहान मुलाची असते तशी. "त्याला काही झालं नाही."

"शेजारणीचा नवराही घेतोय. अजून घेतो. काल माझ्याशी जिन्यावर भांडला, इतका ठणठणीत आहे. त्याचं माझं रक्त एक नाही. तुझं माझं एक आहे." वन्सं उठल्या. "चल, बूट घाल."

"कुठे?"

"इस्पितळात."

"आज? द्वितीयेला? ताई, वर्षभर दवाखाना मागे लागेल. गोळी बंद केली ना मी? पंचमीला घेत नाही, झालं? आईशप्पथ."

"तोंड उघड." यांनी उघडलं नाही. "उघडवत नाही, म्हणून उघडत नाहीस. जीभ सुपाने पोळली नाही तुझी. ह्वेओंग, मी सण पाळला आणि मग दवाखाना वर्षभर नाही, सोळा वर्षं माझ्या मागे लागलाय. मी दमले रे. मला आता पुन्हा कुणाला सांगायचं नाही. तू शेवटचा."

तरी हे म्हणाले, "चुलीवर सूप आहे." मी जाऊन गॅस बंद केला.

दारात थियामहू उभा. हातात संत्र्यांची जाळी, तोंडभर नववर्षाच्या शुभेच्छा. वन्संनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "शुभेच्छा नंतर. गाडी आणली आहेस?" त्याने टेबलं वाहायचा टेम्पो आणला होता. वाटेत मी त्याला काय झालं ते सांगितलं. तो स्टिअरिंग धरून एकच वाक्य घोकत राहिला, "वहिनी, मी चांगल्यासाठी दिली हो. चांगल्यासाठी." मागे खुर्च्या खडखडत होत्या. वन्सं म्हणाल्या, "माहीत आहे. सगळे चांगल्यासाठीच देतात. पुढे बघून चालव."

तिथल्या तरुण डॉक्टरने यांच्या पाठीवर बोट दाबून पाहिलं, ओठ उलटून पाहिले, डोळ्यांत उजेड टाकला, आणि त्याच संध्याकाळी ठेवून घेतलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, गोळी थांबली हे फार बरं झालं, पण अंगातून तिचा असर जायला वेळ लागेल, आणि पुढचे काही दिवस सांगता येत नाहीत. ते दिवस वाईटच गेले. तोंडाची सालं निघाली. पाठीवर तळहाताएवढा भाग सोलवटला. डोळे सुजले, डोळ्यांचे डॉक्टर दिवसातून किती तरी वेळा येऊन पापण्या सोडवून जायचे. वन्सं रोज बसून असायच्या. त्या प्रत्येक वेळी विचारायच्या, "चिकटले का?" आणि डॉक्टर म्हणायचा, "नाही, मावशी. अजून तरी नाही."

पंचमीला बाहेर दुकानं उघडली. सकाळपासून फटाके. हे डोळे मिटून पडले होते, ओठांवर मलम, आणि मिटलेल्या पापण्यांतून पाणी कानापर्यंत वाहत होतं. मी पुसायला गेले. वन्संनी माझा हात धरला.

"वाहू दे."

"दुखतंय म्हणून येतंय, ताई," हे कसंबसं म्हणाले. "रडत नाही मी."

"मग तर फारच चांगलं," वन्सं म्हणाल्या. "दुखलं की आपसूक आलं पाहिजे. येऊ दे." आणि माझ्याकडे वळून, "माझे थेंब कुठे आहेत गं?" मी त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले. त्यांनी खुर्चीला मान टेकली आणि इतक्या पटकन झोपल्या की बाटलीचं झाकण लावून होईपर्यंत त्यांचा श्वास जड झाला होता. सबंध दुपार झोपल्या. परिचारिका दोनदा येऊन गेली, त्यांना कळलं नाही.

हे घरी आले. पाठीवर डाग आहे, डोळे लवकर लाल होतात, भट्टीसमोर आता चष्मा घालतात. अंगठा अजून मधून मधून सुजतो, त्याला दुसरं औषध आहे. ते घेतात रक्त तपासून, औषधाचं नाव विचारून, डॉक्टरच्या हातून. गळ्यात यांच्याही आता एक लाल पिशवी आहे. थियामहू अजून आपली गोळी घेतो आणि टणक आहे. वाटतो मात्र फक्त संत्री.

आणि दर दोन-तीन आठवड्यांनी वन्सं आमच्याकडे येतात. सुनेची सुटका झाली, ती उघड बोलत नाही, पण यांच्यासाठी काही ना काही करून पाठवते. खिडकीपाशी खुर्ची, चिमटा तांदळाच्या दारूत. हे कुरकुर करतात, "डुकराचे पाय निदान हलत नाहीत." त्या म्हणतात, "निदान बोलत नाहीत, म्हण." पुसायच्या फडक्यावर एकेक काळा केस दिसत जातो.

परवा असंच चाललं होतं. वन्सं नेहमीच्या सवयीने म्हणाल्या, "राहू दे आता, उरलेले उद्या."

"उरलेले नाहीत, ताई. झालं."

त्या उठल्या नाहीत. मान मागे टेकलेली, डोळे मिटलेले, हात मांडीवर. मला वाटलं, ऐकलं नाही.

"मग बसू दे मला जरा अशीच," त्या म्हणाल्या.